कोंब आणि मूळ : अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्याचा इतिहास

रोमन मुत्सद्दी केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने इ. स. पू. १६० च्या सुमारास रचलेला कृषिविषयक ग्रंथ हा लॅटिन गद्याचा आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ होय. त्याची १६२ प्रकरणे आहेत. द्राक्षमळे, जैतुनाचे घाणे, गुलामांचे शिधे, बैलांची औषधे, देवतांचे नैवेद्य असे नाना विषय त्यांत काहीशा विस्कळीतपणे आलेले असून शेवटच्या प्रकरणात डुकराच्या मांड्या मिठात मुरविण्याची रीत सांगितली आहे. त्याच्या अगोदरचे, म्हणजे १६१ वे प्रकरण अ‍ॅस्परॅगसच्या लागवडीला वाहिलेले आहे. कोबीची स्तुती सोडल्यास एखाद्या भाजीविषयी केटोने इतक्या तपशिलाने लिहिलेले नाही. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी थोरल्या प्लिनीचे या गोष्टीकडे लक्ष गेले. केटोने हा विषय इतक्या काळजीने आणि ग्रंथाच्या अगदी अखेरीस हाताळला, त्या अर्थी ही लागवड त्या काळी नुकतीच सुरू झालेली असावी, असे अनुमान त्याने काढले. ग्रंथातील प्रकरणांच्या क्रमावरून एखाद्या पिकाचे वय ठरविण्याचा हा प्रयत्न धाडसाचा खरा. परंतु त्याला शब्दांचा पुरावा जोडला असता तो बराच बळकट होतो. प्लिनीने तो जोडला नाही.

हा पुरावा केटोच्याच ग्रंथात आहे. सहाव्या प्रकरणात, ओलसर जागी बोरूचे बेट कसे लावावे हे सांगताना, त्या बेटात 'कोर्रुडा' लावावी म्हणजे तीपासून 'अस्पारागी' मिळतील, असे तो म्हणतो. येथे कोर्रुडा हे झुडपाचे नाव आहे, तर अस्पारागी हे त्या झुडपाला वसंतात फुटणाऱ्या कोवळ्या कोंबांचे. वनस्पती एक, तिचे खाद्य अंग दुसरे, आणि दोहोंना दोन स्वतंत्र नावे. ग्रीक भाषेतही 'अस्पारागोस' या शब्दाचा अर्थ असाच व्यापक होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन हा अन्नपदार्थांच्या विवेचनात कोबीच्या व इतर भाज्यांच्या कोवळ्या धुमाऱ्यांनाही हाच शब्द लावतो. म्हणजे मुळात हे कोण्या एका झाडाचे नाव नव्हते. मराठीतील 'कोंब' किंवा 'धुमारा' या शब्दांसारखे ते एका अवस्थेचे नाव होते. १६१ व्या प्रकरणात मात्र केटो बी पेरावयाचे ते अस्पारागुसचे आणि मुळे लावावयाची तीही अस्पारागुसचीच, असे लिहितो. कोंबाचे नाव संपूर्ण वनस्पतीने घेतले. रानातून खुडून आणण्याच्या वस्तूचे वाफ्यातील पिकात रूपांतर होत असताना हे घडले असले पाहिजे. कारण जो मनुष्य फक्त कोंब खुडतो त्याला झुडपाशी कर्तव्य नसते, आणि जो बी पेरतो त्याला झुडपावाचून गत्यंतर नसते.

शब्दाच्या मुळाविषयी प्राचीनांनीही तर्क केले आहेत. व्हारो (इ. स. पू. ११६–२७) याने तो लॅटिन 'आस्पेर', म्हणजे खरखरीत, या शब्दापासून काढला, खरखरीत झुडपांतून हे कोंब वेचले जातात म्हणून, किंवा त्यांचे दांडे स्वतःच खरखरीत असतात म्हणून. लगेच पुढे, तो ग्रीकही असू शकेल, कारण ग्रीकांतही हाच शब्द आहे, अशी पुस्ती त्याने जोडली. ही पुस्तीच खरी ठरली. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी ग्रीक शब्दाचा संबंध अवेस्तातील 'फ्रस्परेग' (फांदी, धुमारा), लिथुएनियन 'स्पुर्गस' (कळी, कोंब) आणि संस्कृत 'स्फूर्ज्' (उसळून फुटणे) यांच्याशी लावला आहे. ग्रीकात आढळणाऱ्या 'प' आणि 'फ' या पर्यायी रूपांमुळे दुसरे काही अभ्यासक तो ग्रीकपूर्व भूमध्यसागरी भाषेचा अवशेष मानतात. वाद मिटलेला नाही. मात्र हा शब्द फारसीतून ग्रीकात आला, असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला आधार फार थोडा आहे. फारसीत या भाजीचे नाव 'मारचूबा' असे असून त्यात 'मार' म्हणजे साप आणि 'चूब' म्हणजे लाकूड ही दोन पदे स्पष्ट दिसतात.

केटोच्या सूचनांचे मर्म कळण्यासाठी वनस्पतीची घडण ध्यानी घ्यावी लागते. अ‍ॅस्परॅगसचा जमिनीखाली एक आडवा गड्डा असतो. त्याच्या वरच्या अंगाला डोळ्यांची रांग आणि खालच्या अंगाला मांसल मुळांचा झुबका असतो. वसंतात एकेक डोळा फुटून कोंब वर येतो. तो खुडला नाही तर कमरेएवढी किंवा त्याहून उंच, पिसाऱ्यासारखी हिरवी शाखा होते. तिची पाने म्हणून जी दिसतात त्या वस्तुतः सुईसारख्या बारीक डहाळ्या होत. हा पिसारा उन्हाळाभर अन्न तयार करून मुळांत साठवितो आणि त्या साठ्यावर पुढील वर्षीचे कोंब येतात. तेव्हा प्रत्येक खुडलेला कोंब हा मुळांच्या ठेवीतून काढलेला पैसा आहे. ठेव होण्यापूर्वी तो काढला, किंवा काढतच राहिले, तर झाड मरते. रानात वेचणाऱ्याला हा हिशेब ठेवण्याची गरज नाही, कारण आज एका टेकडीवर, उद्या दुसरीवर त्याला जाता येते. वाफा लावणाऱ्याला मात्र तो ठेवावाच लागतो, आणि केटोचे प्रकरण म्हणजे हा हिशेबच होय.

जागा ओल धरणारी व जाड मातीची असावी. ती चांगली खणून, दोन्ही बाजूंनी खुरपता येईल अशा बेताचे वाफे पाडावेत आणि दोन वाफ्यांत अर्ध्या फुटाची वाट सोडावी. वसंतसंपातानंतर दोरीच्या रेषेत मेखेने भोक पाडून दोन-तीन बिया टाकाव्यात व त्याच मेखेने भोक बुजवावे. रोपे उगवली की वारंवार निंदणी करावी. परंतु तणाबरोबर अ‍ॅस्परॅगसचे रोप उपटले जाऊ नये याची काळजी घ्यावी. ज्याने या वनस्पतीचे दोऱ्यासारखे पहिले रोप पाहिले आहे त्याला ही सूचना पुस्तकी नाही हे लगेच पटेल. पहिल्या हिवाळ्यात पेंढ्याचे आच्छादन घालावे. तिसऱ्या वर्षानंतर वसंताच्या आरंभी वाळलेला पाला जागच्या जागी जाळावा आणि कोंब वर येईपर्यंत खुरपे लावू नये, नाहीतर मुळांना इजा होते. कोंब काढावयाचे ते तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, आणि झाड बी धरण्याच्या मार्गाला लागलेले दिसताच थांबावयाचे. आठ-नऊ वर्षांनी वाफा जुना झाला म्हणजे गड्डे न मोडता उकरून नव्या, खत घातलेल्या जमिनीत एकेका फुटावर लावावेत. खत मेंढ्यांचे, म्हणजे लेंडीखत. कारण इतर खतांमुळे तण माजते.

आजच्या बागायतीच्या पुस्तिकेशी ही यादी ताडून पाहिली तर थक्क व्हावयास होते. पहिल्या वर्षी काहीही न खुडणे, तिसऱ्या वर्षापासून सहा ते आठ आठवडे खुडणे, नंतर पिसारा पिवळा पडेपर्यंत त्याला हात न लावणे, हाच क्रम आजही सांगितला जातो. रोगट पाला जाळल्याने तांबेऱ्याचे बीजाणू आणि भुंगेऱ्यांची आश्रयस्थाने नष्ट होतात, हे कारण केटोला ठाऊक असणे शक्य नव्हते. कृती मात्र ठाऊक होती. अंतराच्या बाबतीत तो चुकला असे म्हणावे लागते. एक फूट अंतर फार थोडे होय. आज दोन ओळींत चार-पाच फूट सोडतात आणि असा वाफा पंधरा-वीस वर्षे टिकतो. केटोचा वाफा आठ-नऊ वर्षांत म्हातारा होत असे, त्याचे एक कारण ही दाटी असावी.

एका मुद्द्यावर मात्र प्राचीन ग्रंथकारांत खरा मतभेद आहे, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. कोंब मोडावा की मुळापासून ओढून काढावा? केटो म्हणतो, मुळापासून काढावा. मोडला तर खुंट राहतात आणि ते मरतात. पहिल्या शतकातील कोल्युमेला याने यात भेद केला. त्याच्या पद्धतीत चिमूटभर बी एकेका खळग्यात टाकीत. सुमारे चाळीस दिवसांत रोपांची मुळे परस्परांत गुंतून त्यांचा एक गोळा होई. या गोळ्याला माळी लोक 'स्पोंगिया', म्हणजे स्पंज, म्हणत. चोवीस महिन्यांनी हे स्पंज उन्हाच्या, ओलसर व खतावलेल्या जागी, पाऊण फुटाहून अधिक खोल नसलेल्या सऱ्यांत लावीत. कोल्युमेलाच्या मते पहिल्या वर्षी कोंब मोडावा, कारण कोवळ्या मुळांचा स्पंज ओढल्याबरोबर सगळाच हाती येईल; पुढील वर्षांत मात्र तो मुळापासून काढावा, नाहीतर मोडक्या दांड्याने स्पंजाचे डोळे कोंडतात. आज अमेरिकेतील परसबागांत कोंब जमिनीच्या वर हाताने मोडण्याचा प्रघात आहे, कारण सुरी शेजारच्या डोळ्यांना लागण्याचा संभव असतो. जर्मनीत व हॉलंडमध्ये मातीच्या उंच वरंब्यात झाकून पांढरा राखलेला कोंब लांब सुरीने खोलवरच कापावा लागतो. दोन्ही पक्षांचे वाफे चांगले वाढतात. कोल्युमेलाचा 'स्पंज' हा शब्द माळ्यांच्या बोलीतून आलेला आहे हे त्याने स्वतः नमूद केले, ही येथे मोलाची गोष्ट होय. केटो व कोल्युमेला दोघेही जमीनदार. खुरपे हातात धरणाऱ्या, बहुतांशी गुलाम असलेल्या माणसांचा आवाज या ग्रंथांत क्वचितच ऐकू येतो, आणि तो अशाच एखाद्या शब्दाच्या रूपाने येतो.

वाफ्यातील कोंबाने रानातील कोंबाला हुसकावून लावले, असे मात्र झाले नाही. प्लिनी तर वाफ्यावर चिडलेलाच दिसतो. निसर्गाने ही भाजी रानटी ठेवली ती कोणीही खुडावी म्हणून. आणि आता रॅव्हेनाच्या मळ्यांत पोसलेले कोंब पाहा, तीन कोंबांचे एक रत्तल भरते, अशी त्याची तक्रार आहे. रोमन रत्तल सुमारे ३२७ ग्रॅमचे धरल्यास एकेक कोंब १०९ ग्रॅमचा होतो. आजच्या बाजारातील जाड कोंबही याच्यापुढे किरकोळ वाटेल. ज्यूव्हेनलने आपल्या अकराव्या उपरोधिकेत साध्या जेवणाचा बेत सांगितला आहे, त्यातील कोंब डोंगरावरचे असून ते कारभाऱ्याच्या बायकोने चाती बाजूला ठेवून वेचून आणलेले आहेत. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लीशियन याने मालाच्या कमाल किमती ठरविणारा जो हुकूम काढला, त्यात दोन्ही जाती शेजारी शेजारी येतात : मळ्यातील २५ कोंबांची जुडी ६ दिनार, रानातील ५० कोंब ४ दिनार. म्हणजे एका कोंबामागे मळ्याचा माल रानाच्या तिप्पट महाग. त्याच हुकुमात शेतमजुराची रोजी जेवणासह २५ दिनार दिली आहे. मळ्यातील एक जुडी मजुराला जवळजवळ पाव दिवसाची मजुरी पडे, पण रानातील अर्धशतक त्याला परवडण्यासारखे होते. अ‍ॅस्परॅगस ही सम्राटांचीच भाजी, असे सांगणाऱ्या लोकप्रिय इतिहासांनी या दोन ओळी वाचलेल्या दिसत नाहीत.

अशीच एक गोष्ट झिर्याब या गायकाची. बगदादहून इ. स. ८२२ मध्ये कॉर्डोव्हाच्या दरबारी आलेल्या या कलावंताने स्पेनमधील लोकांना अ‍ॅस्परॅगस खावयास शिकविले, तोपर्यंत ते त्यांना अज्ञात होते, असे सतराव्या शतकातील इतिहासकार अल्-मक्करी सांगतो. आणि पाककलेचे इतिहासकार ते अजूनही उद्धृत करतात. यात दोन अडचणी आहेत. एक, स्पंजाची लागवड वर्णन करणारा कोल्युमेला हा स्वतः स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गादेस, म्हणजे आजच्या काडिझ, येथला. दुसरी अडचण अधिक निर्णायक आहे. पूर्वेकडील अरबीत या भाजीला 'हिल्यौन' म्हणत. झिर्याबने ती बगदादहून आणली असती तर तिच्याबरोबर हे नाव आले असते. स्पेनमधील अरबीत रूढ असलेला शब्द मात्र 'इस्फराज' असा आहे, आणि तो लॅटिन अस्पारागुसचाच स्थानिक अपभ्रंश होय. दरबाराने जी भाजी नव्याने शोधली तिचे नाव खेड्यातील लोकांच्या तोंडी आधीपासूनच होते. झिर्याबने ती प्रतिष्ठित केली असेल, आणली नाही.

दरबारांनी अ‍ॅस्परॅगसला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे खोल चर. चौदाव्या लुईचा बागाध्यक्ष ला कँतिनी याने व्हर्सायच्या राजमळ्यात (बांधणी १६७८–१६८३) ताज्या शेणखताच्या उष्णतेवर ऐन डिसेंबरात हे कोंब उगवून दाखविले. इंग्लंडात जॉन एव्हलिन याने १६९९ मध्ये, डच पद्धतीने खतावर फुगविलेल्या जाड कोंबांपेक्षा नैसर्गिक जमिनीतील मध्यम कोंब रुचकर असतात असे मत दिले. ते फारसे कोणी मानले नाही. पुढील दोन शतके बागायतीच्या ग्रंथांत चर खोल खोल होत गेला. दोन-तीन फूट खणून शेणाचे थर द्यावेत, वर मीठ पसरावे, गड्डेही दोन-तीन वर्षांचे घ्यावेत, असा दंडक झाला. ज्याच्या पदरी मजूर आहेत त्यालाच हे शक्य होते, आणि हे पीक गरिबाच्या परसात येत नाही ही समजूत येथे दृढ झाली. विसाव्या शतकातील अनुभवाने हा दंडक बहुतांशी मोडीत काढला. आता सहा ते आठ इंचांची सरी पुरे मानतात आणि एक वर्षाचा गड्डा पसंत करतात, कारण जुना गड्डा उपटताना त्याची मुळे अधिक तुटतात. म्हणजे पुन्हा कोल्युमेलाची पाऊण फुटाची मर्यादा. मीठ मात्र सर्वस्वी निरर्थक नव्हते. ही वनस्पती खारी जमीन सोसते, तण सोसत नाही. शिवाय अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झालेल्या प्रयोगांत क्लोराइडमुळे गड्डा कुजविणाऱ्या फ्युझेरियम बुरशीला आळा बसतो असे दिसून आले.

याच काळात इंग्रजीत शब्दाचेही दैव फिरले. मध्ययुगीन लॅटिनमधील आद्याक्षर गळालेल्या 'स्पारागुस' या रूपापासून 'स्पेरेज' आणि पुढे 'स्पॅरो-ग्रास', म्हणजे चिमणीचे गवत, असे लोकव्युत्पत्तीने घडले. सॅम्युएल पीप्स याने १६६७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवर १८ पेनींना शंभर कोंब घेतल्याची नोंद याच नावाने केली आहे. १७९१ मध्ये उच्चारकोशकार जॉन वॉकर याने, स्पॅरो-ग्रास इतके सार्वत्रिक झाले आहे की अ‍ॅस्परॅगस म्हणणे पंडिती थाटाचे वाटते, असा अभिप्राय दिला. पुढे एकोणिसाव्या शतकात पंडितांचा शब्द जिंकला आणि चिमणीचे गवत अशिष्ट ठरले. ईव्हशॅमच्या खोऱ्यातील बागाईतदारांच्या बोलीत मात्र त्याचा 'ग्रास' एवढा तुकडा टिकून आहे.

अमेरिकेत १८९६ मध्ये तांबेऱ्याची साथ आढळली, आणि तिच्याशी झगडताना कृषिखात्याच्या जे. बी. नॉर्टन याने मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड येथे 'मेरी वॉशिंग्टन' ही परसबागांत घरोघर पोहोचलेली जात निर्माण केली. नर व मादी झाडे वेगळी असणाऱ्या या वनस्पतीत मादीची शक्ती तांबड्या फळांत खर्ची पडते. म्हणून न्यू जर्सीत पुढे केवळ नर झाडांचे संकर तयार करण्यात आले.

भारतात या कुलाचा इतिहास उलट्या बाजूने वाचावा लागतो. सह्याद्रीच्या रानांत वाढणारी शतावरी ही अ‍ॅस्परॅगसची सख्खी बहीण. कुल एक, जाती भिन्न. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात तिचे पर्याय आले आहेत त्यांत शतमूली आणि बहुसुता ही नावे बोलकी आहेत : शंभर मुळांची, पुष्कळ लेकरांची. ग्रीक-लॅटिन परंपरेने कोंब पाहिला, संस्कृत परंपरेने मूळ. ही विभागणी काटेकोर नाही, हेही सांगितले पाहिजे. युरोपातील वैद्यही अ‍ॅस्परॅगसच्या मुळ्या वापरीत, आणि लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या नावातील 'ऑफिसिनॅलिस' हे पद औषधाच्या कोठीचेच स्मरण देते. तथापि फरक परिणामांत आहे. कोंब खुडला तर झाड राहते आणि मनुष्याला थांबण्याचे नियम शिकावे लागतात. मूळ खणले की बहुधा झाडच जाते. चरक-सुश्रुतांपासून चालत आलेली शतावरीची मागणी फार मोठ्या प्रमाणावर रानातूनच भागविली गेली. त्यामुळे अनेक ठिकाणी ती विरळ झाली आहे, आणि अलीकडे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाला तिच्या लागवडीस उत्तेजन द्यावे लागत आहे. केटोच्या १६१ व्या प्रकरणासारखे प्रकरण शतावरीच्या वाट्याला फार उशिरा आले.

विलायती अ‍ॅस्परॅगस महाराष्ट्राच्या परसात लावू पाहणाऱ्याला केटोचे पंचांग जसेच्या तसे उपयोगी नाही. त्याचा वाफा हिवाळ्यात झोपतो. येथे तेवढी थंडी नसल्याने गड्ड्याला विसावा मिळत नाही आणि बारीक कोंब वर्षभर येत राहतात. पेरूच्या किनाऱ्यावर पाणी तोडून ही झोप आणवितात. तैवानात काही दांडे 'माता' म्हणून राखून बाकीचे खुडतात. पुण्यामुंबईच्या फुलबाजारात अ‍ॅस्परॅगस म्हणून जे मागितले जाते ते पुष्पगुच्छात खोवावयाचे आफ्रिकी पिसारे असतात, आणि भाजीच्या दुकानात तेच नाव कोंबाला असते. काही पाककृतींत त्यासाठी 'शतावरी' लिहितात, तेव्हा वाचणारा काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन वाळक्या मुळ्या आणण्याचा संभव असतो. पावसाळ्याच्या आरंभी रानभाज्यांच्या दिवसांत मात्र ठाणे-रायगडकडील आदिवासी वस्त्यांत रानशतावरीचे कोवळे धुमारेही खुडतात व त्यांची भाजी करतात. तिला ते 'शतावरीचे कोंब' म्हणतात. नुसते शतावरी म्हटले की मूळच समजले जाते. म्हणून झाडाला एक शब्द आणि कोंबाला दुसरा, असे दोन लागतात, केटोच्या सहाव्या प्रकरणात लागले तसेच.